जमीन परत करण्याच्या कायद्यावरील प्रबंध : प्राथमिक साधने कोणती मानावीत?

शहादा_विधी_विद्यार्थिनी

सर्व सदस्यांना नमस्कार.

मी विधी शाखेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आदिवासींच्या ज्या शेतजमिनी बिगर-आदिवासींकडे गेल्या, त्या परत करण्याबाबत महाराष्ट्रात १९७४ चा अधिनियम आहे. त्याचा अंमल धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत कसा झाला, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. रूपरेषा मंजूर करताना मार्गदर्शक सरांनी समासात एवढेच लिहिले की, दुय्यम साधनांवरचा भार कमी करून प्राथमिक साधनांकडे वळावे. शेरा मला मान्य आहे. परंतु आज माझ्यापुढे जे कागद आहेत, त्यांतले प्राथमिक कोणते, हेच मला ठामपणे सांगता येत नाही.

जमीन महसूल संहितेवरील एक जाडजूड इंग्रजी भाष्यग्रंथ आहे. १८८० साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा, म्हणजे खानदेशचा, खंड आहे. सर्वोच्च न्यायालयाचे काही निर्णय संकेतस्थळावरून उतरवून घेतले आहेत. काही शासन निर्णय आहेत. तळोदा आणि अक्कलकुवा तालुक्यांतील काही गटांचे सातबारा उतारे आणि फेरफार आहेत, वर्तमानपत्रांची कात्रणे आहेत आणि गावांतील वृद्धांच्या मी घेतलेल्या मुलाखतींची टिपणे आहेत. संशोधनपद्धती शिकवणारे सर म्हणतात की मुलाखती आणि सातबारा हीच खरी प्राथमिक साधने होत. संविधान शिकवणारे सर म्हणतात की अधिनियम आणि न्यायनिर्णय यांखेरीज काहीही प्राथमिक नाही. (दोघांची दालने समोरासमोर आहेत, हा भाग वेगळा.)

माझे प्रश्न असे. वरील साधनांची विभागणी कशी करावी? भाष्यग्रंथातील वाक्य थेट उद्धृत केले तर चालते का? आणि अधिनियमाचा मराठी पाठ वापरावा की इंग्रजी? प्रबंध मराठीत लिहिण्याची परवानगी मला मिळालेली आहे.

---

धुळे_दिवाणी_वकील

ताई, तुमचे दोन्ही सर बरोबर सांगत आहेत आणि तरीही त्यांचे एकमेकांशी पटणार नाही, कारण दोघांच्या मनातला प्रश्न वेगळा आहे. आपण कागदाला काय विचारतो, यावर त्याची जागा ठरते. ‘कायदा काय आहे?’ असे विचारले, तर ज्यांना कायदा करण्याचा किंवा तो अधिकाराने सांगण्याचा हक्क आहे, त्यांचे मूळ शब्द तेवढे प्राथमिक : संविधान, अधिनियम, त्यांखालील नियम, राजपत्रातील अधिसूचना आणि न्यायनिर्णय. त्यांच्यावर इतरांनी जे लिहिले ते सारे दुय्यम, मग लेखक कितीही मोठा असो. ‘हा कायदा अक्कलकुव्यात प्रत्यक्षात कसा चालला?’ असे विचारले, तर तहसीलदारांचा आदेश, फेरफार आणि वृद्धांची मुलाखत प्राथमिक ठरतात आणि त्यांवर कोणी लिहिलेला लेख दुय्यम ठरतो. तुमच्या प्रबंधात हे दोन्ही प्रश्न आहेत. म्हणून विभागणी संपूर्ण प्रबंधासाठी एकदाच न करता प्रकरणागणिक करा आणि संशोधनपद्धतीच्या प्रकरणात तसे स्पष्ट लिहा. परीक्षकाचा निम्मा आक्षेप तेथेच संपतो.

आता पहिल्या प्रश्नाबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक प्रबंध तेथेच ढिले पडतात.

१९७४ च्या अधिनियमात ‘हस्तांतरण’ या संज्ञेची व्याख्या आहे, ती आधी शब्दशः वाचा. १ एप्रिल १९५७ पासून ६ जुलै १९७४ पर्यंतच्या काळात झालेली हस्तांतरणे तीत येतात. यांतली पहिली तारीख कुळकायद्यातील कृषक दिनाचीही, म्हणजे कुळांना जमिनीचे मालक मानण्याच्या दिवसाचीही, आहे. दुसऱ्या तारखेपासून जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ लागू झाले आणि आदिवासीची जमीन पूर्वमंजुरीवाचून बिगर-आदिवासीकडे देण्यावर निर्बंध आला. म्हणजे विक्री १९७२ ची असेल तर एक कायदा आणि १९७६ ची असेल तर दुसरा. भाष्यग्रंथांत हे दोन्ही विषय पुष्कळदा एकाच मथळ्याखाली येतात आणि विद्यार्थी १९७६ च्या खरेदीखतावर १९७४ चा अधिनियम लावून मोकळा होतो. त्या व्याख्येत आणखी एक गोष्ट आहे. केवळ पक्षकारांनी केलेली खरेदी-विक्री तीत येते असे नाही, तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याने गेलेली जमीनही येते. तुमच्या गटांपैकी एखादा सावकाराच्या दाव्यातील हुकूमनाम्याने गेला असेल, तर केवळ खरेदीखते शोधून तो सापडणार नाही. पुढे कलम ३ मध्ये अशी अट आहे की ६ जुलै १९७४ पर्यंत जमिनीचा अकृषिक वापर सुरू झालेला नसावा. गावठाणालगतच्या गटांचे निकाल वेगळे का लागले, याचे उत्तर अनेकदा या एका अटीत असते.

प्राथमिक साधनांतही सगळी सारख्या वजनाची नसतात. शासन निर्णय कायद्याखालचा असतो; तो अधिनियमाच्या विरुद्ध जात असेल तर अधिनियमच चालतो. तुमच्याजवळचा प्रत्येक शासन निर्णय कोणत्या कलमाखाली निघाला, की तो केवळ प्रशासकीय सूचना आहे, हे पाहून ठेवा.

न्यायनिर्णयांविषयी. या अधिनियमाची वैधता सर्वोच्च न्यायालयाने लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात डिसेंबर १९८४ मध्ये मान्य केली. तो निर्णय संपूर्ण वाचा, शीर्षटिपणावर थांबू नका. शीर्षटिपण अहवालाच्या संपादकाने तयार केलेले असते, न्यायमूर्तींनी नाही. निर्णयाच्या माथ्यावर छापलेले असले तरी ते दुय्यम साधनच. संपूर्ण वाचनाचा दुसरा लाभ असा की, वितरणात्मक न्यायाची जी मांडणी त्या निर्णयात आहे, ती शीर्षटिपणात दोन ओळींची होऊन बसते.

दुसऱ्या राज्यातील प्रकरणे उचलताना विशेष जपावे. समता विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य, १९९७, हा निर्णय तुमच्या विषयावरचे सगळेच लेखक उद्धृत करतात. तेथे प्रश्न आंध्र प्रदेशातील १९५९ च्या अनुसूचित क्षेत्र जमीन हस्तांतरण विनियमाचा होता आणि त्या विनियमातील ‘व्यक्ती’ या शब्दात शासनही येते, असे बहुमताने ठरले. आपल्या संहितेची भाषा तशी नाही. पुढे बाल्को (भारत ॲल्युमिनियम कंपनी) कर्मचारी संघटनेच्या प्रकरणात, डिसेंबर २००१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानेच समता निर्णयातील बहुमताच्या अचूकतेविषयी गंभीर शंका नोंदवली आणि मध्य प्रदेशच्या संहितेची तरतूद वेगळी असल्याने तो निर्णय तेथे लागू केला नाही. तेव्हा ‘समता निर्णयानुसार नंदुरबारमध्येही’ अशी वाक्यरचना प्रबंधात येणार असेल, तर ती टाळावी.

आपल्या धुळे, नंदुरबार आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांच्या रिट याचिका उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जातात. या अधिनियमाखालील आदेशावर महसूल न्यायाधिकरणाकडे अपील असते आणि तेथून प्रकरण खंडपीठापर्यंत येते. न्यायाधिकरणाचे निर्णय छापील अहवालांत क्वचित सापडतात. परंतु खंडपीठाच्या निर्णयातील वस्तुस्थितीचे परिच्छेद नीट वाचले, तर खालच्या आदेशांचे दिनांक मिळतात, कधी मूळ संचिकेचा क्रमांकही मिळतो. तो घेऊन तहसील कचेरीत गेलात, तर शोध फार सोपा होतो.

---

ग्रंथालय_जळगाव

वकीलसाहेबांनी कायद्याची बाजू मांडली आहे; मी ग्रंथालयाच्या मेजावरून दिसणाऱ्या काही गोष्टी जोडतो.

भाष्यग्रंथ कमी लेखू नये. अनोळखी विषयात शिरताना थेट अधिनियम उघडणारा विद्यार्थी बहुधा वाट चुकतो. आधी भाष्यग्रंथातील संबंधित प्रकरण वाचावे, त्याच्या तळटिपांतील निर्णयांची यादी करावी आणि मग ते निर्णय स्वतः काढून वाचावेत. माझ्या मते भाष्यग्रंथाचा सर्वांत मौल्यवान भाग त्याच्या तळटिपा होत. कायद्याच्या विधानासाठी भाष्यकाराचे वाक्य उद्धृत करू नये; जे कलम किंवा जो निर्णय त्या विधानाचा आधार असेल, तोच द्यावा. मात्र भाष्यकाराने स्वतःचे मत मांडले असेल, एखाद्या निर्णयावर टीका केली असेल, किंवा न्यायालयासमोर अद्याप न आलेल्या प्रश्नावर काही सुचवले असेल, तर ते त्याच्या नावाने अवश्य उद्धृत करावे. न्यायालयेही मान्यवर भाष्यकारांचा आधार घेतात, पण तो बंधनकारक म्हणून घेत नाहीत.

ग्रंथ उघडण्यापूर्वी आवृत्तीचे वर्ष पाहण्याची सवय लावून घ्यावी. भूसंपादनाचे उदाहरण पाहा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २४(२) चा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली पुणे महानगरपालिका विरुद्ध हरकचंद मिसरीमल सोळंकी या प्रकरणात एका प्रकारे लावला. मार्च २०२० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात तो निर्णय रद्दबातल ठरवला. मधल्या काळात छापलेल्या सर्व पुस्तकांत जुना अर्थ ठळक अक्षरांत आहे आणि ती पुस्तके अजून कपाटात आहेत. अशीच गत फौजदारी आणि पुराव्याच्या कायद्यावरील ग्रंथांची आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाल्यामुळे १८७२ च्या अधिनियमातील कलमांचे क्रमांक बदलले, आणि जुने निर्णय वाचताना दोन्ही क्रमांक जुळवून पाहावे लागतात.

शोध घेताना नावांचाही घोटाळा होतो. आपल्या राज्यातील जुन्या अधिनियमांच्या नावांतील ‘मुंबई’ हा शब्द २०१२ साली बदलून ‘महाराष्ट्र’ असा करण्यात आला. १९४८ चा कुळवहिवाट अधिनियम नव्या नावाने शोधला, तर जुने निर्णय निसटतात; म्हणून दोन्ही नावांनी शोधावे.

साधने कोठे मिळतील, याविषयी थोडक्यात : केंद्र आणि राज्य यांचे अधिनियम ‘इंडिया कोड’ या शासकीय संकेतस्थळावर आहेत. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत अहवाल २०२३ पासून ‘ईएससीआर’वर विनामूल्य वाचता येतात. खासगी संकेतस्थळावरून उतरवलेला निर्णय वाचायला हरकत नाही, पण उद्धृत करण्यापूर्वी अधिकृत प्रतीशी पडताळून घ्यावा आणि परिच्छेद क्रमांक द्यावा, कारण पृष्ठ क्रमांक अहवालागणिक बदलतात.

मराठी की इंग्रजी, या प्रश्नाचे उत्तर अधिनियमागणिक वेगळे येते. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे कायद्यांचे प्राधिकृत पाठ इंग्रजीत असतात. परंतु राज्य विधानमंडळाने दुसरी भाषा विहित केली असेल, तर त्याच अनुच्छेदाच्या खंड (३) खाली राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेले इंग्रजी भाषांतर हा प्राधिकृत इंग्रजी पाठ समजला जातो. महाराष्ट्राच्या राजपत्रात अशा स्वरूपात प्रसिद्ध झालेले अनेक अधिनियम दिसतात. तुम्ही मुख्य मजकुरात मराठी पाठ घ्यावा, परंतु जेथे अर्थाचा वाद आहे त्या कलमाचा इंग्रजी पाठ तळटिपेत द्यावा. बाजारातील खासगी प्रकाशकाचे मराठी भाषांतर मात्र प्राधिकृत पाठ म्हणून वापरू नये.

---

सातपुडा_ग्रामसभा

ताई, तुमच्या यादीतील गॅझेटियरबद्दल आणि मुलाखतींबद्दल लिहिते, कारण वरच्या उत्तरांत ते बाजूला राहिले.

मी धडगाव भागात वनहक्कांच्या दाव्यांचे काम करते. वनहक्क कायदा २००६ चा आहे. त्याखालील नियम २००८ चे असून २०१२ मध्ये त्यांत दुरुस्ती झाली. नियम १३ मध्ये दावा सिद्ध करण्यासाठी कोणता पुरावा चालतो, त्याची यादी आहे. गॅझेटियर, जनगणना, पाहणी आणि जमाबंदीचे अहवाल, नकाशे, शासनाने नेमलेल्या समित्यांचे अहवाल हे सर्व तीत आहे. नामवंत संस्थांनी केलेले अभ्यास आणि रूढींचे दस्तऐवजीकरणही आहे. दावेदार सोडून गावातील इतर वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवलेले निवेदनसुद्धा आहे. म्हणजे जे कागद विधी महाविद्यालयात दुय्यम म्हणून शिकवले जातात, त्यांना नियमानेच पुराव्याच्या रांगेत बसवले आहे. आणि कोणत्याही एकाच प्रकारच्या कागदाचा आग्रह धरू नये, हेही २०१२ च्या दुरुस्तीत आले.

तुमचा कायदा वेगळा आहे, म्हणून नियम १३ तुमच्या प्रकरणांना थेट लागू होत नाही, हे मला मान्य आहे. परंतु एकाच गावात एका वाडीचा दावा वनजमिनीचा आणि दुसरीचा शेतजमिनीचा असेल, तर पुराव्याचे दोन कायद्यांतील हे अंतर तुमच्या प्रबंधात यायला हवे. माझ्या मते तुमच्या विषयातील सर्वांत कसदार जागा हीच आहे. सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याच्या बाजूने कागद बोलतो, आणि ज्याची जमीन गेली त्याच्याकडे बहुधा फक्त आठवण असते.

गॅझेटियर वाचताना तो कोणी आणि कशासाठी लिहिला, हे विसरू नका. तो इंग्रजी प्रशासनाचा ग्रंथ आहे. भिल्लांविषयीची त्यातील विशेषणे ही त्या काळच्या अधिकाऱ्यांच्या दृष्टीचा पुरावा आहेत, भिल्लांच्या स्वभावाचा नव्हेत. जमिनीचा प्रकार, सारा, गावांची नावे यांसाठी तो अत्यंत उपयोगी पडतो. शहादा परिसरात १९७० च्या दशकात जमिनीसाठी झालेल्या आंदोलनाविषयी जे लेखन आहे, त्यालाही हाच नियम लावा. १९७४ चा कायदा कोणत्या वातावरणात आला, हे त्यातून कळते. कायद्यातील शब्दाचा अर्थ त्यातून काढू नका.

मुलाखती ज्या बोलीत झाल्या, त्या बोलीतच आधी उतरवा, मग मराठी करा. भिली, पावरी किंवा अहिराणीत सांगितलेले थेट प्रमाण मराठीत लिहिले की ‘गहाण दिली’ आणि ‘विकली’ यांतला फरक बोलणाऱ्याने केलेला असूनही कागदावर पुसला जातो, आणि तुमच्या विषयात सारा वाद त्याच फरकावर उभा असतो. माणसांची नावे प्रबंधात देऊ नका. गट क्रमांकही देताना विचार करा, कारण गट क्रमांकावरून खातेदार कोणालाही शोधता येतो.

आणखी एक. पेसा कायदा, १९९६ (अनुसूचित क्षेत्रांना पंचायतींच्या तरतुदी लागू करणारा केंद्राचा कायदा) यातील कलम ४ चा खंड (ड)... क्षमा असावी, मराठी प्रतीत उपखंडांची अक्षरे वेगळी असल्याने क्रमांक देत नाही. अनुसूचित क्षेत्रात जमिनीचे अन्यसंक्रमण रोखण्याचा आणि बेकायदा गेलेली जमीन परत मिळवून देण्याचा अधिकार ग्रामसभेला किंवा योग्य स्तरावरील पंचायतीला असावा, अशी तरतूद तेथे आहे. तुमच्या रूपरेषेत पेसा दिसत नाही.

---

सातपुडा_ग्रामसभा यांना धुळे_दिवाणी_वकील यांचे उत्तर

ताई, इंग्रजी पाठात ते कलम ४ च्या खंड ‘एम’चा तिसरा उपखंड आहे. सूचना उत्तम आहे. रूपरेषेत ती अवश्य घालावी.

---

नवापूर_कनिष्ठ_वकील

कोणी सांगितले नाही म्हणून लिहितो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला निर्णय विचारले, तर ते नाव, वर्ष, खंड, पृष्ठ सर्व काही व्यवस्थित देते, आणि कधी कधी तो निर्णय अस्तित्वातच नसतो. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली अशाच बनावट निर्णयांचा आधार दिल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. या साधनाने दिलेले उत्तर प्राथमिक नाहीच, आणि माझ्या मते दुय्यमही म्हणू नये, कारण दुय्यम साधनाला किमान एक जबाबदार लेखक असतो.

---

महसूल_निवृत्त_यावल

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे. विद्यार्थिनीला आशीर्वाद, आणि कागदांविषयी काही सूचना.

सातबारा हा आजचा उतारा आहे. इतिहास फेरफारात असतो. उताऱ्यावर वर्तुळात जे क्रमांक दिसतात, ते फेरफाराचे क्रमांक होत. त्यांतील सर्वांत जुन्यापासून सुरुवात करून एकेक नोंद काढावी. नोंद कशाच्या आधारे झाली, म्हणजे खरेदीखत, वारस, वाटप, की कचेरीचा आदेश, हे तीत लिहिलेले असते. नोंद मंजूर झाली की नामंजूर, आणि मंजुरीचा शेरा कोणाचा, हेही पाहावे. संगणकीकृत उताऱ्यावर समाधान मानू नये. हस्तलिखित सातबाराच्या प्रती मागाव्यात, कारण पीकपाहणीच्या रकान्यात प्रत्यक्ष वहिवाट कोणाची होती, ते तेथे दिसते. खातेदार एक आणि कसणारा दुसरा, असे दिसले तर तेथेच थांबून पुढची-मागची वर्षे पाहावीत.

जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद आणि प्रमाणित फेरफार विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरे मानले जातात. पण नोंद म्हणजे मालकी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने सवर्णी विरुद्ध इंदर कौर या १९९६ च्या निर्णयात सांगितले आहे की, फेरफाराने मालकी हक्क निर्माणही होत नाही आणि नाहीसाही होत नाही. म्हणून ‘फेरफार क्रमांक अमुक अन्वये मालक झाले’ असे वाक्य प्रबंधात नसावे. ‘नाव दाखल झाले’ असे लिहावे.

साक्ष्य अधिनियमातही प्राथमिक आणि दुय्यम पुरावा आहे, कलम ५७ आणि ५८ मध्ये. तो विषय निराळा आहे. तेथे मूळ दस्तऐवज न्यायालयापुढे आला की त्याची प्रत, एवढाच प्रश्न असतो. तुमच्याकडील फेरफाराची प्रमाणित नक्कल त्या अर्थाने दुय्यम पुरावा असली, तरी तुमच्या संशोधनासाठी ती प्राथमिक साधनच आहे. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास विचारतात.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीची जिल्हास्तरावरील संचिका नंदुरबारला मिळाली नाही, तर ती नष्ट झाली असे समजू नका. धुळ्याच्या अभिलेख कक्षातही अर्ज करून पाहा.

अक्कलकुवा-तळोदा भागातील गटांसाठी आणखी एक कायदा पाहावा लागेल. काठी, सिंगपूर आदी मेहवासी इस्टेटींचे, म्हणजे स्थानिक सरदारांच्या जुन्या वंशपरंपरागत मुलखांचे, मालकी हक्क नाहीसे करणारा १९६१ चा विनियम त्या भागाला लागू आहे. तो विधानसभेचा अधिनियम नाही; संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली राज्यपालांनी केलेला विनियम आहे. म्हणून अधिनियमांच्या वार्षिक सूचीत तो शोधणाऱ्यांना मिळत नाही आणि पुष्कळांना माहीतही नसतो. वकीलसाहेबांच्या व्याख्येप्रमाणे तो पूर्णपणे प्राथमिक आहे. त्या गावांत धारणाधिकार कसा सुरू झाला, हे त्यावाचून कळणार नाही.

---

शहादा_विधी_विद्यार्थिनी

सर्वांची मनापासून आभारी आहे. मेहवासी इस्टेटींचा विनियम मला खरोखर माहीत नव्हता. माझ्या गटांपैकी काही त्याच पट्ट्यातील आहेत. पेसा कायद्यासाठी स्वतंत्र उपप्रकरण घेत आहे.

एक शंका उरली आहे. कलम ३६-अ खाली जमीन परत मागण्यासाठी अर्ज करण्याची जी मुदत आहे, ती माझ्याजवळच्या भाष्यग्रंथात एक दिली आहे आणि शासकीय संकेतस्थळावरील संहितेच्या प्रतीत दुसरी दिसते. मजकुरात कोणती द्यावी, आणि दुसरीचा उल्लेख करावा की गाळावा?

---

धुळे_दिवाणी_वकील

ताई, त्या मुदतीत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत, म्हणून दोन्ही आकडे आपापल्या वर्षी बरोबर असू शकतात. कोणता छापावा, हे पुस्तकाच्या किंवा संकेतस्थळाच्या विश्वासार्हतेवरून ठरवू नका. संहितेच्या शासकीय प्रतीत त्या कलमाखाली दुरुस्तीच्या तळटिपा असतात. त्यांत प्रत्येक दुरुस्ती अधिनियमाचा क्रमांक आणि वर्ष दिलेले असते. ते सर्व दुरुस्ती अधिनियम राजपत्रातून काढा आणि प्रत्येकाचा अंमल कोणत्या दिवसापासून आहे, ते तक्त्यात मांडा. दुरुस्ती पूर्वलक्षी आहे का, हेही त्याच अधिनियमातील शब्दांवरून पाहा. भाष्यकाराने तसे म्हटले असले तरी पाहा. मग तुमच्या प्रत्येक प्रकरणात अर्जाचा दिनांक घेऊन त्या दिवशी कोणती मुदत लागू होती, ते लिहा. मजकुरात त्या-त्या दिवसाची मुदत आणि तळटिपेत दुरुस्ती अधिनियमाचा क्रमांक, एवढे पुरे. भाष्यग्रंथातील आकड्याचा उल्लेख करायचाच असेल, तर आवृत्तीच्या वर्षासह तळटिपेत करा. एखाद्या तहसीलदाराने आदेशात जुनीच मुदत धरून अर्ज फेटाळल्याचे आढळले, तर ते तळटिपेत न दडवता मजकुरात घ्या. तो तुमचा स्वतःचा शोध ठरेल.

तक्ता तयार झाला की कृपया येथे टाकावा. आमच्या बार रूममधील संहितेच्या प्रतीत शेवटच्या दुरुस्तीची चिठ्ठी अद्याप कोणी चिकटवलेली नाही.